गाडी उभी राहून मरते

जुनी गाडी दाखवायला आणली की मी बॉनेटला हात लावत नाही. मालकाला सांगतो, चार हात मागे घ्या. मग ती जिथे उभी होती तो रस्ता बघतो. पुढच्या भागाखाली काळा, चिकट ठिपका असेल तर ते इंजिन ऑइल. हिरवट किंवा गुलाबी पाणी, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागणारं, म्हणजे रेडिएटरचं कूलंट. चाकाच्या आतल्या अंगाने टायरवर उतरलेला, जवळजवळ बिनरंगी तेलकट ओघळ म्हणजे ब्रेक ऑइल. अशी गाडी मी मालकाला चालवत घरी नेऊ देत नाही, मग तो कितीही घाईत असो. आणि एसी चालू असताना खाली टपटपणारं स्वच्छ पाणी हे फक्त पाणीच असतं. त्याला घाबरून दर मे महिन्यात कोणी ना कोणी धावत येतोच.

माझं गॅरेज प्रभादेवीत, गोखले रोडला लागून असलेल्या एका बोळात आहे. गॅरेज म्हणजे एक शटर. आत एक गाडी मावते, बाहेर फुटपाथलगत दोन, आणि त्या दोनवरून समोरच्या सोसायटीशी वर्षानुवर्षं चाललेला वाद. सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर असल्याने मंगळवारी ट्रायल घ्यायची सोय नाही. अंगारकीला तर दुरुस्त झालेली गाडीसुद्धा बोळाबाहेर निघत नाही. नवीकोरी गाडी देवळात नेऊन हार घालणारे, चाकाखाली लिंबू ठेवणारे तिकडे जातात. त्याच गाड्या पंधरा वर्षांनी माझ्याकडे येतात.

मी हे काम शिकलो पद्मिनीवर. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ती बनायची. 1964 मध्ये ती फियाट 1100 डिलाइट होती, 1974 पासून पद्मिनी झाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, आणि बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागायचं. काळी-पिवळी म्हणून मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये आली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली. आता येतात त्या मारुती 800, झेन, सँट्रो, वॅगन आर. त्यातही 800 जास्त. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी आली, 2014 च्या जानेवारीत बनायची थांबली. मुंबईत मात्र भारत स्टेज-4 चे नियम एप्रिल 2010 मध्ये लागू झाले तेव्हाच तिची विक्री बंद झाली. म्हणजे मुंबईतल्या शोरूममधून निघालेली सर्वांत तरुण 800 सुद्धा आता पंधरा ओलांडून गेलेली आहे.

या दोन्ही गाड्यांवर हात काळे केल्यावर माझं एकच म्हणणं उरलं आहे, आणि ते गिऱ्हाइकांना पटत नाही. टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची. रात्रीचा ड्रायव्हर उतरला की दिवसाचा बसायचा, इंजिन थंडच व्हायचं नाही. तरी ती वीस वर्षं टिकायची. आणि इथल्या एखाद्या निवृत्त साहेबांची 800, मीटरवर टॅक्सीच्या मानाने काहीच आकडा नाही, गाडीवर कायम कव्हर, सणाला बाहेर काढायची. तिचा तळ मी स्क्रूड्रायव्हरने टोचला तर स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. साहेब म्हणतात, “अहो मिस्त्री, मी तर वापरलीच नाही!” तेच तर कारण.

उभ्या गाडीचं काय काय होतं ते क्रमाने सांगत नाही, कारण ते क्रमाने होत नाही, सगळं एकदम होतं. बॅटरी उतरते. धडधाकट बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास आली की अर्धी उतरली समजायचं, आणि तशीच महिनाभर ठेवली की तिच्या प्लेटांवर जो थर बसतो तो चार्जिंगनेही पुरता जात नाही. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट राळ उरते. मग “कचरा आला” म्हणून कार्बोरेटर खोलायचा. टायरचा जो भाग जमिनीवर टेकलेला तो चपटा होतो आणि गाडी चालवताना ठकठक ऐकू येते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनर ड्रमला धरतात. गाडी गिअरमध्ये टाकली तरी मागची चाकं फिरत नाहीत, मालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि क्लच प्लेटचा वास बोळभर पसरतो. अशा वेळी जोर करायचा नाही. ड्रमवर हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारले, गाडी मागे-पुढे हलवली की बहुतेक वेळा “टक्” असा आवाज येऊन सुटतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाला वीट लावायची आणि हँडब्रेक सोडून द्यायचा.

आणि उंदीर. यावर मासिकात कोणी लिहीत नाही, पण प्रभादेवीत माझं वायरिंगचं निम्मं काम उंदरांनी आणि घुशींनी दिलेलं आहे. एअर फिल्टरच्या डब्याशेजारी चिंध्या, वेफर्सची पाकिटं, एकदा तर देवळातल्या प्रसादाच्या पेढ्यांची अख्खी पुठ्ठ्याची खोकी. प्लगच्या वायरी, वायसरची नळी, बॉनेटच्या आतला नमदा, सगळं कुरतडतात. तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटखाली ठेवा असं सगळे सांगतात. ठेवा, वास टिकतो तोवर उपयोग होतो. ज्या गाडीचं बॉनेट रोज तापतं तिथे मात्र उंदीर बिऱ्हाड करत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला कोणत्याही सुट्या भागाचा नाही. आठवड्यातून एकदा गाडी काढा आणि निदान अर्धा तास चालवा. वरळी सी-फेसला जाऊन या. खाली उतरून दहा मिनिटं जागच्या जागी इंजिन चालू ठेवायचं आणि वर जाऊन चहा प्यायचा, याला चालवणं म्हणत नाहीत. तेवढ्यात बॅटरीत स्टार्टरने खाल्लेलंही भरून निघत नाही, आणि पेट्रोल जळताना जी वाफ होते ती सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. 800 चे सायलेन्सर आतून सडतात ते असे.

आता समुद्र. वीर सावरकर मार्गाच्या पश्चिमेच्या इमारतींत राहणाऱ्यांना खिडकीचे गज वर्षा-दोन वर्षांनी का रंगवावे लागतात हे ठाऊक आहे, पण खाली उभी असलेली गाडीही लोखंडाचीच आहे हे लक्षात राहत नाही. खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पत्रा कोरडा होतच नाही. त्यात रेक्झिनचं किंवा प्लास्टिकचं कव्हर घातलं की आतली वाफ आतच. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळणारं कापडी घाला, आणि ओल्या गाडीवर कधीच नको.

दरवाजांचं एक सांगतो, हे घरी करून बघता येईल. खिडकीची काच पूर्ण वर घ्या आणि काचेच्या बाहेरच्या रबरावरून तांब्याभर पाणी सावकाश ओता. हे पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं. ते तसं उतरावं अशीच त्याची रचना आहे. दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक फटी असतात, तिथून ते थोड्या वेळात टपकायला लागलं पाहिजे. टपकलं नाही, आणि दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर फटी मातीने बुजल्या आहेत आणि तुमचा दरवाजा आतून सडतो आहे. एक बारीक तार घेऊन साफ करायच्या, बस. हेच पुढच्या काचेखालच्या जाळीचं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या जाळीत पानं कुजून खत झालेलं असतं, पाणी वाट काढत पायाशी उतरतं आणि कार्पेटखाली साचतं. कार्पेट वर उचला, खाली वर्तमानपत्र घाला, पावसानंतर दुसऱ्या दिवशी काढून बघा. कागद ओला लागला तर उशीर करू नका. आणि दिवाळीच्या आधी एकदा गाडी लिफ्टवर चढवून खालून नुसत्या साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या. वरचं पॉलिश बघून शेजारी खूश होतात, पण गाडीचं आयुष्य ठरतं ते खालून.

इंजिन गेलं तर गाडी वाचते. जुनी इंजिनं उघडून, बोअर करून, नव्या रिंगा टाकून मी पुन्हा उभी केली आहेत. तळ गेला, जॅक लावतो ती पट्टी गेली, मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या बैठकीचा पत्रा गेला, की मी मालकाला स्पष्ट सांगतो, आता पैसे घालू नका. काही जण रागावून दुसरीकडे जातात. तिथे कोणीतरी वरून पत्रा ठोकून, पुटी भरून, रंग मारून देतो.

गाडी गरम होणे हा मुंबईतला दुसरा मोठा आजार. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला आणि त्याची सगळी गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर गेली. चढावर, मे महिन्यात, एसी लावून, एकेका फुटाने सरकायचं. 796 सीसीच्या तीन सिलिंडरांनी तरी किती सोसावं? तरीही सगळं धड असेल तर 800 गरम होत नाही. होते तेव्हा कोणतीतरी छोटी वस्तू मेलेली असते आणि मालकाच्या गळ्यात नवा रेडिएटर पडतो.

त्या छोट्या वस्तूंतली सर्वांत स्वस्त म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्यात स्प्रिंग असते. तिच्यामुळे आत सुमारे 0.9 किलोचा दाब टिकतो आणि त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता जवळजवळ 120 पर्यंत तग धरतं. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर चिरलं की दाब राहत नाही, पाणी उकळून बाहेर पडतं, आणि मालक सांगतो, “रोज पाणी कमी होतं, पण गळत तर कुठेच नाही.” दुसरी वस्तू पंख्याचा स्विच. थंड इंजिन चालू करून नुसतं उभं राहा. काटा मध्यापर्यंत आला की थोड्या वेळात पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि काही वेळाने आपोआप बंद. नाही झाला तर आधी स्विच बघा, मग मोटर. पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण बसवून देणारे आहेत. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, कायमचं नको, कारण एक दिवस बटण दाबायचं राहतं. तिसरी वस्तू थर्मोस्टॅट. हा काढून फेकायची मुंबईत पद्धतच पडली आहे: “अपने यहाँ ठंडी कहाँ है?” थंडी नसली तरी इंजिनाला ऐंशी-पंच्याऐंशी अंशांची ऊब लागते. ती मिळाली नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ होतो. मी नवा बसवतो.

नळाचं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या रेडिएटरमधून जे तांबडं निघतं ते बघितलं की कूलंट का घालायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. काटा लालकडे गेला तर एसी बंद करा, कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि झाकणाला अर्धा तास हात लावू नका. गरम झाकण उघडून हात-तोंड भाजून घेतलेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं. हेड वाकलं की गॅस्केट उडतं, आणि मग मागून पांढरा गोड वासाचा धूर येतो, ऑइल दुधाळ होतं.

इथे एक खोच आहे. ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि आतून सायीसारखा पिवळट थर दिसला की बरेच मेकॅनिक लगेच “हेड गेलं साहेब” म्हणतात. पावसाळ्यात, कमी चालणाऱ्या गाडीत, तो थर नुसत्या हवेतल्या ओलाव्यानेही येतो. डिपस्टिक काढून बघा. काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर झाकण पुसा, गाडी लोणावळ्यापर्यंत नेऊन आणा आणि पुन्हा बघा. हजारो रुपयांचं काम वाचेल.

पावसात मिसिंग होणाऱ्या गाड्यांसाठी आमचे उस्ताद एक गोष्ट करायचे, ती मी अजून करतो. शटर अर्धं ओढायचं, लाइट बंद करायचे, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायचं. प्लगची वायर कुठे तडकली असेल किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला चीर असेल, तर अंधारात तिथे निळी ठिणगी उड्या मारताना दिसते. मुलं हे बघायला मुद्दाम येतात. जुन्या, पॉइंटवाल्या गाड्यांत त्यानंतर पॉइंट बघायचे: काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेज घालून फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत लावायची. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हे काम संपलं. त्यांना स्कॅनर लागतो. पण स्कॅनर कुरतडलेली वायर दाखवत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

आणि पाणी तुंबलेल्या रस्त्यात, हिंदमाताला म्हणा किंवा आणखी कुठे, गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर गॅरेजांसमोर ज्या रांगा लागल्या त्यातल्या बऱ्याच गाड्या पाण्याने नाही, पाण्यात सेल्फ मारल्याने गेल्या होत्या. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा. मेकॅनिक प्लग काढून पाणी उडवेल, ऑइल बदलेल, मग चालू करेल.

बाकीचं पटापट. ऑइल 800 ला जेमतेम तीन लिटर लागतं. गाडी चालो न चालो, वर्षाला बदला. जुन्या इंजिनाला साधं 20डब्ल्यू-40 पुरतं, महागाच्या पातळ सिंथेटिकची गरज नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदला. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही शाबूत असो, रबर म्हातारं होतं. क्लच बघायचा तर हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपली. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल तर बदला. पद्मिनीत चेन होती, ती आधी खडखडून सांगायची. बेल्ट काही न सांगता तुटतो.

पेट्रोलच्या नळ्यांकडे मात्र आता जास्त लक्ष द्या. पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. नळी फुगते, चिरते, पंपाचा पडदा कडक होतो. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत ते आणखी त्रासाचं. पेट्रोलच्या वासाची गाडी घरी नेऊन उद्या दाखवू असं करू नका. नवी नळी पेट्रोलचीच हवी, ॲक्वेरियमची पारदर्शक नळी क्लिप लावून बसवलेली मी काढून फेकली आहे.

सुटे भाग मिळतात. ऑपेरा हाउसला दुकानं आहेत, तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारात मिळतं. भंगारातून काच आणा, दरवाजाचं हँडल आणा, आरसा आणा. ब्रेकचा कोणताही भाग, बेल्ट, टायर तिथून आणू नका.

शेवटी कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. दिल्लीसारखी वयावरून बंदी इथे नाही, पण फी वाढत चालली आहे: एप्रिल 2022 मध्ये ती 600 वरून 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. गाडीचा तळ शाबूत असेल तर मी म्हणतो, भरा. पाच वर्षांत विभागली तर महिन्याला दोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. तपासणीला जाण्याआधी माझ्याकडून एकदा बघून घ्या. इंजिन गुळगुळीत चालतं म्हणून लोक निर्धास्त जातात आणि हॉर्न, वायपर किंवा मागच्या नंबर प्लेटवरचा दिवा यापायी परत येतात. त्या दिव्याचा बल्ब माझ्या ड्रॉवरमध्ये नेहमी असतो, बसवायला दोन मिनिटं लागतात. फक्त मंगळवारी येऊ नका.